भरल्या पोटाची मांजर

आमच्या घरात मांजर नोकरीला असते. करडीसारख्या गावात धान घरात आलं की उंदीर येतात, आणि उंदीर येतात म्हणून मांजर येते. तिला कुणी पाळत नाही, ठेवतात. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या ढोलीत नवं धान पडलं की माझे वडील मांजरीचा दूधभात आठ दिवस बंद करायचे. "भरल्या पोटाची मांजर ढोलीवर झोपते," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर ढोल्या माझ्याकडे आल्या, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरची शेती आली आणि हा नियमही आला. मी बी.ए. झालेला माणूस आहे, पण हा नियम खरा की खोटा हे तपासून पाहावं असं मला चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मागच्या वर्षी धानकापणी संपत आली असताना माझी मुलगी नागपूरहून दोन मांजरी घेऊन आली. आम्हाला ती एकुलती एक. एका कंपनीत नोकरी करते, भाड्याच्या घरात एकटी राहते. कंपनीने तिला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगळुरूला पाठवलं होतं आणि तिथल्या हॉस्टेलात मांजरी चालत नव्हत्या. दोन जाळीच्या टोपल्या, खाण्याची पिशवी, एक कंगवा, वाळूचं तसराळं असा सगळा संसार तिने ओसरीत मांडला.

"उंदीर धरते का ह्या?" मी विचारलं.

"बाबा, त्या उंदीर धराले नाही आणल्या मी."

"मंग कायले आणल्या?"

"सोबत राहाले," ती म्हणाली.

मला हसू आलं. सोबतीला मांजर ठेवायची कल्पना आमच्याकडे बैलाला सोफ्यावर बसवण्याइतकीच चमत्कारिक. मी हसलो, तशी ती कंगवा खाली ठेवून आईकडे गेली आणि उरलेल्या सूचना तिलाच सांगितल्या. आमच्या घरात असं पुष्कळ वर्षं चाललं होतं. मला सांगायच्या गोष्टी ती आईला सांगायची आणि मी त्या भिंतीपलीकडून ऐकायचो.

मांजरींना तिने छान शहरी नावं ठेवली होती, पण ती आमच्या तोंडात बसली नाहीत. चार दिवसांत एक नकटी झाली, दुसरी काळतोंडी.

नकटी पर्शियन. पांढरीशुभ्र, केसाळ, आणि तोंड असं चपटं की जन्मताच कुणी दार लावताना मध्ये आली असावी. डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं, ते रोज ओल्या फडक्याने पुसावं लागायचं. केसांना रोज कंगवा, नाहीतर पोटाखाली गाठी. ती उडी मारायची नाही, पळायची नाही, आवाज करायची नाही. थंड फरशी बघून बसायची आणि दिवसभर तिथेच असायची. खोल वाटीतलं तिला खाताच यायचं नाही, नाक बुडायचं, म्हणून पसरट ताटली. मी बायकोला म्हणालो, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, हिच्या तर जेवणालाच आहेत." बायको हसली नाही. तिला नकटी पहिल्या दिवशीच आवडली होती. घरात कुणीतरी शांत बसून आपलं बोलणं ऐकतं, याचं तिला अप्रूप होतं.

काळतोंडी सयामीज. अंग सायीच्या रंगाचं, आणि तोंड, कान, पाय, शेपूट तेवढी चुलीत घालून काढल्यासारखी काळी. डोळे निळे. ही दुसऱ्या टोकाची. जाईन तिथे पायात पायात, आणि तोंडाला विश्रांती नाही. आवाज थेट तान्ह्या लेकराचा. पहिल्या आठवड्यात शेजारीण कुंपणावरून डोकावून विचारून गेली, "काहो, कोनाचं लेकरू रडून राह्यलं?" कडी कशी उघडायची हे ती दोन दिवसांत शिकली. थंडी वाढली तशी ती अंगानेही काळवंडू लागली. बायकोला वाटलं चुलीची काजळी आहे, म्हणून तिने तिला पुसूनही पाहिलं. मग मुलीने फोनवर सांगितलं की थंडीत त्या जातीचा रंग गडदच होतो.

मुलगी रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करायची. "नकटी दाखव आई, काळतोंडी दाखव." नावं आमचीच तिच्या तोंडात गेली होती. मी खुर्चीवर बसून ऐकायचो. कधी फोन माझ्याकडे वळला तर विचारायचो, "ट्रेनिंगात कितवी आहे?" ती म्हणायची, "बाबा, तिथं नंबर नसते." मग फोन पुन्हा मांजरीकडे वळायचा.

धान ढोलीत पडलं त्याच आठवड्यात बायको लाखांदूरला गेली. तिच्या भावाच्या नातीचं बारसं होतं. निघताना तिने तीनतीनदा बजावलं: नकटीची ताटली सकाळ-संध्याकाळ, डोळे पुसायचे, काळतोंडीला दार उघडं ठेवायचं नाही. मी हो म्हणालो. व्हिडिओ कॉलचा फोन तिचा, तो तिच्याबरोबरच गेला. एसटी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी घरात येऊन या दोघी आणि आमची जुनी पट्टेरी, अशा तिन्ही मांजरींचं खाणं बंद केलं.

यात दुष्टपणा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. सांगून फार उपयोग नाही. मी एवढाच विचार केला की मांजर ती मांजर. आमच्या गावठी पट्टेरीला जो नियम, तोच यांना. उलट मला वाटलं, शहरात लाडावल्या आहेत, चार दिवसांत अंगातलं मांजरपण जागं होईल. पाणी ठेवलं, तिघींना ढोलीच्या खोलीत सोडलं आणि मी शेताकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी काळतोंडीने उंदीर धरला. तो माझ्या पायाशी आणून टाकला आणि अख्खी आळी जागी होईल असा गलका केला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वडील समोर असते तर म्हणालो असतो, बघा, परदेशी जातीलासुद्धा तुमचा नियम लागू पडतो. पट्टेरी तर जुनीच कामाची. तिने दोन धरले, शिवाय शेजारच्या सुकत घातलेल्या मासोळ्याही लांबवल्या. नकटी तेवढी दारात बसून होती. ढोलीकडे पाठ आणि तोंड स्वयंपाकघराकडे. मी म्हणालो, होईल तयार, हिला जरा वेळ लागेल.

तिसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. चौथ्या दिवशी मला थोडी दया आली आणि थोडी भीतीही वाटली, म्हणून मी ताटलीत दूधभात कालवून पुढे ठेवला. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. रुसली असेल, असं मी मनाशी म्हणालो. मुलगी लहानपणी रुसली की मी तिची समजूत काढत नसे, आपोआप जेवायला येई. मी ताटली उचलून ठेवली.

पाचव्या दिवशी दुपारी बायको आली. पिशवीही खाली न ठेवता तिने नकटीला उचललं आणि दारातल्या उजेडात नेलं.

"अवो, हिचे कान पिवळे काहून दिसून राह्यले?"

मी पाहिलं. कानाच्या आतली गुलाबी कातडी हळदीसारखी झाली होती. हिरड्याही तशाच.

"तुमी खाले देल्लं होतं ना हिले?"

मी मोटरसायकलची किल्ली काढली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. नंतरचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मोटरसायकलवर टोपली मांडीत घेऊन ती मागे बसली आणि आम्ही मोहाडीला गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. तो तरुण होता, दिवसभर बैल आणि बकऱ्या बघणारा. बाहेर दोन म्हशी थांबल्या होत्या आणि त्यांचे मालक टोपलीत वाकून बघत होते. "हे मांजर व्हय का ससा?" एकाने विचारलं. डॉक्टरने मात्र नकटीच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, किती दिवस झाले खाऊन? मला बोटं मोजावी लागली. मग मी नियमही सांगितला. न सांगून चालणार नव्हतं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काका, मांजर चार दिवस उपाशी राहिली, त्यातल्या त्यात लठ्ठ मांजर, तर तिचं लिव्हर बिघडते. मंग भूकच मरून जाते, समोर ठेवलं तरी खात नाही. तुमची गावठी चोरून खाईन. सयामीज चोरून खाईन न वरतून ओरडून सांगन. ही जात तशी नाही. हिले माणसाच्या हातानं खायची सवय. ही वाट पाहत बसते."

सलाईन लावलं, सुया टोचल्या. वाचेल का, यावर तो काही बोलला नाही. पातळ केलेलं खाणं सिरिंजने तोंडात सोडायला त्याने शिकवलं. मी मोठी सिरिंज भरली तर त्याने माझा हात धरला. "एकदम नको. इतक्या दिवसांच्या उपाशी जीवाले एकदम भरवलं तं उलटी होते. थोडं थोडं द्या, पण चुकवू नका."

ते काम मी बायकोला करू दिलं नाही. नकटीला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं, गालाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सोडायचं. अर्धं माझ्या धोतरावर. माझ्या मुलीला मी असं मांडीवर घेऊन कधी भरवलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

दिवेलागणीला फोन यायचाच. तेव्हा मी काळतोंडीला पुढे करायचो. ती एकटीच चौघींइतकी बोलायची. "नकटी कुठं आहे?" "झोपली." दुसऱ्या दिवशी, "झोपली." तिसऱ्या दिवशीही. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, तसा मी डोळे मिटून खोटं बोलत होतो आणि शेजारी बसलेली बायको सगळं बघत होती. मांजर मेली तर मुलीला काय सांगायचं? मला खरी भीती दुसरीच होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची एखादी गोष्ट विश्वासाने माझ्या घरात ठेवली होती. नकटी गेली असती तर मुलीने पुन्हा काही ठेवलं नसतं. कदाचित तीही येईनाशी झाली असती.

दोन आठवडे होत आले तेव्हा एका सकाळी सिरिंज भरताना दोन थेंब ताटलीत सांडले आणि नकटीने ते चाटले. मग माझ्याकडे पाहिलं. मी आणखी थोडं ओतलं, तेही तिने चाटलं. मी बायकोला हाक मारली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, फडकं नकटीचंच होतं, त्यानेच पुसले.

ट्रेनिंग संपवून मुलगी आली. बायकोने तिला काही सांगितलं नव्हतं. ते तिने माझ्यासाठी ठेवलं होतं. मुलगी ओसरीत बसून नकटीला विंचरत होती. "किती बारीक झाली ही," म्हणाली. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. वडिलांचा नियम, चार दिवस, पिवळे कान, "झोपली" म्हणून केलेलं खोटं, सगळं.

तिचा कंगवा थांबला नाही. पोटाखालची एक गाठ सोडवून ती बोलली.

"बाबा, दहावीचा निकाल लागला तेव्हा आई पेढे आणाले निघाली होती. तुमी म्हणाले, आत्ताच नको, डोक्यात हवा जाईन, बारावी होऊ दे. बारावीले म्हणाले, नोकरी लागू दे. नोकरी लागली तं विचारलं, पक्की कधी होशीन?"

"तुह्या भल्यासाठीच," मी म्हणालो.

"हिलेबी तुमी भल्यासाठीच उपाशी ठेवलं."

माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो म्हण काढतो. मी म्हणालो, "मांजरीचे दात तिच्या पिल्लाले लागत नाही म्हणते."

"लागते, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पिल्लू सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. टोपल्या गाडीत ठेवल्या, काळतोंडीचं भाषण सुरू झालं. मी गाडीच्या खिडकीशी उभा राहिलो. जे म्हणायचं होतं ते पाठ केलं होतं. "एकटी राहून सारं केलं तुनं," मी म्हणालो. "चांगलं केलं." तिने मान हलवली, काच वर केली आणि गाडी गेली. तिला ते पोचलं की नाही, मला कळलं नाही.

तेव्हापासून दिवेलागणीला फोन मी करतो. फार बोलत नाही, मला जमत नाही. एखादंच वाक्य. तू घर नीट ठेवतेस. तुझ्या हातची वांग्याची भाजी तुझ्या आईपेक्षा बरी होती. सुरुवातीला ती नुसतं "हं" म्हणायची. पट्टेरीला यंदा नवं धान पडलं तरी दोन्ही वेळा दूधभात चालू ठेवला. ती पोटभर खाते आणि उंदीरही धरते. वडिलांचा नियम मुळातच खोटा होता आणि तो तपासायला मला एवढंच करायचं होतं.

परवा मळणीचं मशीन उशिरापर्यंत चाललं आणि माझा फोन राहून गेला. घरी येऊन हातपाय धूत होतो तर तोच वाजला.

"बाबा," ती म्हणाली, "आज काहून नाही केला?"