जनावराच्या रकान्यात माझं नाव

शनिवारी सकाळी शारजातल्या अल नहदाहून निघालो, तेव्हा गाडीत मी माझ्या लेकीला, सईला, वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. वास्तविक मी मालाची बिलं तपासणारा माणूस. पण फुजैराच्या डोंगरात या देशातलं एकमेव रानऑर्किड फुलतं, एवढं फोनवर वाचून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो.

"बाबा, यू टोल्ड मी दिस ऑलरेडी," सई म्हणाली.

परवानगीची चिठ्ठी दाखवून वादीत (डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात) उतरलो. मी चपला घालून आलो होतो, त्यामुळे निसर्गापेक्षा पायाच्या अंगठ्याकडेच जास्त लक्ष. वाटेत दोनदा बसलो, त्यातलं एकदाच स्वखुशीनं.

कातळातून पाणी झिरपतं तिथे पहारेकरी भेटला. दत्ताराम, संगमेश्वरकडचा. मराठी ऐकताच त्यानं डबा उघडून भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली.

"बकऱ्यांनी खाल्लं, पाणी आटलं. ह्या ओघळात एवढं एकच झाड ऱ्हायलंय, साहेब. पाच फुलं आलीत. बोंडं धरली की बी मिळंल."

फूल बोटाच्या पेराएवढं, हिरवट-तांबूस. आधी मी हिरमुसलोच. मग वाकून पाहिलं आणि पाहतच राहिलो.

पुढचं सांगायला लाज वाटते. रोज फिरताना आमच्या टॉवरखालची चार जास्वंदं देवासाठी खुडायची, हा माझा वीस वर्षांचा नेम. देवाला नेलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे, असं आमच्याकडे सगळेच मानतात. हात सवयीनं पुढे गेला, नखानं देठ खुडला आणि हात खिशाकडे वळला. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून बसलो.

"बाबा," सई म्हणाली.

दत्तारामनं उरलेली फुलं दोनदा मोजली. मग त्याच्या साहेबाकडे रोज जाणारी वही काढली. "बकरीनं खाल्लं, असं लिवतो. तुम्ही जावा, नायतर तुमच्यावर केस होईल."

"आणि बकरी आत आलीच कशी, असं तुमचा साहेब विचारणार नाही?"

"विचारतील. काँट्रॅक्ट पुढल्या महिन्यात संपतंय. बघू, इन्शाल्ला."

माझ्या एका नखापायी हा माणूस नोकरी पणाला लावत होता. मी वही ओढून घेतली. रकाने छापील होते: तारीख, नुकसान, जनावर. माणसाची सोयच नव्हती. मग जनावराच्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली फोन नंबर.

"अक्षर छान आहे," दत्ताराम म्हणाला. फूल त्यानं त्याच पानात ठेवलं.

परतताना गाडीत कोणी कोणाला काही शिकवलं नाही. दोन दिवसांनी साहेबाचा फोन आला. त्या वादीत मला आता कायमची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सकाळी फिरताना मी हात पाठीमागे धरून चालतो. शेजाऱ्यांना वाटतं, प्रमोशन झालं.

महिन्याभरानं दत्तारामचा फोन आला. चारही बोंडं धरली होती, काँट्रॅक्ट वाढलं होतं.

"आणि साहेब, वहीत नवा रकाना काढलाय, 'माणूस'. तुमचं नाव जनावरातनं तिकडं घेतलंय."