अण्णांची मुळं

अण्णांना लकवा मारला, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांना वेडं ठरवलं.

अण्णा माझे वडील. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, कनेरगाव नाक्यावर बियाणं विकतो (यावरून माझं गणित कळलंच असेल!). हिंगोलीच्या दवाखान्यात अण्णा पडलेले. तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला किती मार बसलाय ते बघू. त्यांना येतं तेच विचारा."

मी कागदावर मनानंच समीकरण लिहिलं: x² + 5x + 5 = 0. पाच-पाच म्हणजे सोपं! कागद त्यांच्यापुढं धरून ओरडलो, "अण्णा, अवयव पाडा!"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. "ओ, काय पाडून राहिले? आमाला हायेत तेवढे राहू द्या!"

अण्णांच्या कपाळाला आठ्या, नजर कागदावर. मग डोळ्यांतून पाणी. माझं काळीजच फाटलं. बाहेर जाऊन कळमनुरीच्या आत्याला रडत फोन केला, "अण्णांचं डोकं गेलं!"

आत्याला मधलं 'डोकं' ऐकूच आलं नाही. ती आली तीच हंबरडा फोडत, मागं जीपभर भावकी, एकाच्या काखेत पांढरं कापड! आणि अण्णा उघड्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघताहेत!

"अगं बाई, दादा जित्ता हाय की!" आत्या किंचाळली.

तेवढ्यात अण्णांचे ओठ हलले. "मुळं... परिमेय... न्हाईत."

"काय म्हणून राहिला?"

भावकीतले काका खाली वाकून म्हणाले, "मूळव्याध न्हाई, प्रमेह न्हाई, असं म्हणून राहिला."

"मंग लकवा काहून झाला?" आत्यानं पुन्हा गळा काढला.

अण्णांनी डाव्या हातानं पेन मागितला. वेडंवाकडं लिहिलं: विवेचक = 25 − 20 = 5. पाचाखाली रेघ मारून माझ्याकडं बघितलं. मग मला आठवलं! विवेचक पूर्ण वर्ग असला तरच मुळं परिमेय येतात, तेव्हाच अवयव सरळ पडतात. पाच कुठला पूर्ण वर्ग? बिचारे तासभर माझ्या चुकीच्या गणिताशी झुंजत होते!

डॉक्टरांनी कागद वाचला. "यांचा मेंदू शाबूत आहे. गणित कोणी घातलं?"

जीपभर बोटं माझ्याकडं वळली.

अण्णांचा उजवा हात पुढं कधीच उठला नाही. डावा मात्र तिथंच उठला आणि माझ्या कानाखाली बसला. चाळिशीतला बापई मी, भर दवाखान्यात मार खाऊन आनंदानं रडत होतो, आणि अण्णा वाकड्या तोंडानं म्हणत होते, "गाढवा... रडू नको... विवेचक काढ!"