वरची मूठ

वन्सं शनिवारी येतील की नाही, या काळजीने मला दुसरं काही सुचेनासं झालं आहे. शनिवारी माझ्या नाकिट्टोला मागणी घालायला पाहुणे येणार. भेटींच्या टोपल्या घेऊन, रीतीप्रमाणे तिच्या भावासाठी कोंबडा घेऊन. आणि आमच्यात मुलीला हाताला धरून अंगणात आणते ती आत्या, तिच्या वतीने चारचौघांत बोलते तीही आत्याच. आई बापडी आत केळी वाफवत असते. आत्याच आली नाही, तर माझी पोर कुणाचा हात धरून बाहेर येणार?

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, नाकालांझी. गेल्या महिन्यापासून त्यांचा फोन नाही, आणि आपण होऊन करायचा मला धीर होत नाही. सगळं झालं ते नाकिट्टोच्या नोकरीमुळे. ती एन्टेबेच्या विमानतळावर सरकारी निरीक्षक आहे. परदेशी जाणारा भाजीपाला तपासायचा, कीड निघाली तर अडवायचा.

ही खोड तिला लहानपणापासूनच. पेरू हातात आला की आधी फोडून आत बघणार, मग खाणार. हे चिडवायचे, "अगं, खा की, आत काय तुझा नवरा बसलाय?" पुढे ती शेतकी शिकली आणि त्याच खोडीचा तिला पगार मिळू लागला. तिथल्या थंडगार गोदामात ती भर दुपारी स्वेटर घालून मिरच्या चिरते, भिंगातून बघते. घरी आली की माझ्या धाकट्या लेकीचं बाळ तिच्याकडे कोणी देत नाही. कितीही साबण लावला तरी हात झोंबरेच.

वन्संच्या गावातल्या बायकांचा गट आहे. त्यांनी कीड आत येऊ नये म्हणून जाळीचं शेडनेट उभारलं, आमची ती बुटकी, लाल-पिवळी, जहाल मिरची लावली आणि पहिल्यांदाच युरोपला माल पाठवायला निघाल्या. गाडीबरोबर वन्सं स्वतः गेल्या, ठेवणीतला पायघोळ गोमेसी घालून, कंबरेला रुंद पट्टा बांधून. भाची कशी काम करते ते त्यांना बघायचं होतं.

पुढचं मला नाकिट्टोबरोबर काम करणाऱ्या ओपियोने सांगितलं. ती असलं कधी सांगत नाही.

आत्याला बघताच पांढऱ्या कोटासकट ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि रीतसर नमस्कार केला. आजूबाजूचे हमाल बघत राहिले. मग उठून साहेबांकडे गेली. "सर, माल माझ्या आत्याचा आहे. दुसऱ्या कुणाला तपासू द्या."

साहेब हसले. "दुसरं आज आहे कोण? आत्या तुझी आहे, अळी तर नाही ना? मी शेजारी उभा राहतो. कर सुरू."

पहिल्याच पेटीतली वरची मिरची कापली, तर आत अळी. जिवंत, वळवळणारी.

"ती एक काढून टाक ना," वन्सं म्हणाल्या. "एकीच्या पापाची शिक्षा सगळ्यांना कशाला?"

"आत्या, एक दिसली की सगळा माल थांबतो. ही तिकडे पोचली तर ते आपल्या देशाची मिरचीच बंद करतील. मग तुझी काय आणि कुणाची काय."

"तुला पाठीला बांधून मी शेतं खुरपली गं!"

"ठाऊक आहे, आत्या."

माल थांबला. पण तिचे हात थांबले नाहीत. तिने आणखी पेट्या उघडल्या. खालची मिरची स्वच्छ, एकसारखी. किडकी निघाली ती सगळी वरच्या थरातली, जरा वाकडी आणि धुरकट.

"आत्या, ही वरची कुठली?"

वन्संनी मान ताठ केली. "परसातली. वरची मूठ आहे ती. मोजून-मापून कोरडं कोणी देतं का? तिकडच्या लोकांनी काय म्हणावं, आमच्या बायकांचा हात आखडता?"

आमच्या बाजारात टोमॅटोचा ढीग दिला की विकणारीने वर दोन घालायचेच. नाही घातले तर गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. ही रीत वन्संनी थेट युरोपपर्यंत नेली होती! ओपियो म्हणाला, नाकिट्टो रिकाम्या पेटीवर बसून हसायला लागली, मग रडायला लागली, आणि त्याच हातांनी डोळे पुसले. मग काय विचारता! शेवटी वन्संनीच तिला नळावर नेऊन डोळे धुतले, तोंडाने शिव्या देत. आणि परतीच्या गाडीत बसताना म्हणाल्या, "मागणीच्या दिवशी दुसऱ्या कुणाची आत्या शोध."

पुढच्या रविवारी पोर एकटीच गावाला गेली. फणसाखाली बायका जमवल्या आणि म्हणाली, "शेडनेटमधली तुमची मिरची निर्मळ आहे. माल बिघडला तो मायेने. वरची मूठ यापुढे मला द्या, मी खाईन."

"तू खाशील? तुझ्या डोळ्यांचं ऐकलंय आम्ही!" एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या खो-खो हसल्या.

नंतरचा माल दुसऱ्या निरीक्षकाने तपासला. एकही कीड निघाली नाही, माल गेला. बाजारात गटातली एक बाई भेटली, तिने माझे दोन्ही हात धरले. "तुझ्या पोरीने आमची अब्रू राखली." पण त्या रविवारी वन्सं काही घराबाहेर आल्या नव्हत्या.

मी लेकीला म्हटलं, "एकदा माफी माग, बाई. मोठी आहे ती."

"आई, तिच्यापुढे दिवसभर गुडघे टेकून बसते. पण पेट्या सोडायला हव्या होत्या, असं माझ्याच्याने म्हणवणार नाही."

यांना विचारलं, तर म्हणाले, "बायकांच्या मिरच्या, बायकांनीच निस्तरा."

तर निस्तरते. उजाडलं की, वन्सं शेडनेटकडे निघायच्या आधी, मीच फोन करणार आहे. माफी मागणार नाही. म्हणेन, वन्सं, शनिवारी ते लोक विचारतील, मुलगी कशी आहे? मी सांगितलं तर म्हणतील, आई आहे, कौतुक करणारच. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. आधी तुमच्यापुढे गुडघे टेकले, आणि मग तुमचाच माल अडवला. हे पाहुण्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?