किसनरावांची मोटर आणि नामदेवरावांचा कान

मला लेख लिहायची सवय नाही. हा लिहावा लागला, कारण किसनराव माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, मले लिवता येत नाई. अन् तुमी नाई लिवलं तं नामदेवभाऊच्या पुस्तकात आपल्या जिनिंगची गोष्ट राहून जाईन." नामदेवराव इंगळे यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात ती राहून जाऊ नये, हे मलाही पटले.

१९६० साल उलटले होते. अमरावतीहून बी.ए. होऊन मी अकोल्यात वडिलांच्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्याचा, कारभार पाहू लागले होते. ऐन हंगामात मोटर चालता चालता बंद पडू लागली. ती चालवणारा किसन बिडी ओढायला मुद्दाम बंद करतो, असे मी ठरवले, साऱ्यांदेखत त्याला लबाड म्हटले आणि कामावरून काढले. दुसऱ्या दिवशीही मोटर बंद पडली. किसननेच जाताना काही करून ठेवले असणार, असे मी म्हटले.

तेव्हा मोटर दुरुस्त करायला जठारपेठेतून सायकलवर वायरमन नामदेवराव आले. वय तिशीच्या आत, मोटरपाशी गेले तेही डावा हात खिशात घालून. मला तो उर्मटपणा वाटला आणि मी तसे विचारले.

"दोन्ही हात लावले तं करंट छातीतून जाते, बाई. एक हात घरी ठेवा लागते."

ही आमची पहिली ओळख.

हत्यारांची पेटी उघडण्याआधी ते माणसांना विचारत, काय बदलले आणि कधी. मग फ्यूज आणि तारांची टोके तपासून त्यांनी बटण दाबले व कान दिला.

"मोटर चांगली हाय. स्टार्टर गुरगुरून राह्यला. याचं झाकन कुटं हाय?"

"मी काढायला लावलं. आतून फार तापत होता."

मेन स्विच बंद करून त्यांनी मला आत दाखवले. मोटर चालू धरून ठेवणाऱ्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये रुईचा थर दबून बसला होता. त्यामुळे चुंबकाची पकड सुटत होती.

"हवा लागाले झाकन काढलं, अन् रुईले घर करून देल्लं तुमी. मंग किसनले काहून काढलं?"

सगळे मजूर ऐकत होते. नामदेवरावांनी रुई साफ केली, झाकण बसवले, पण बटण दाबेनात.

"ते किसन दाबन."

फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. निरोप पाठवते, असे मी म्हटले.

"लबाड म्हनासाठी निरोप धाडला होता काय?"

मी स्वतः गेले. किसन गाठोडे बांधून चांदूर रेल्वेला मेहुण्याकडे काम शोधायला निघाला होता. त्याला घेऊन आले आणि साऱ्यांसमोर चूक कबूल केली. मगच त्याने बटण दाबले. संध्याकाळपर्यंत मोटर एकदाही थांबली नाही.

पुढे अमरावतीपर्यंतच्या जिनिंगांतून नामदेवरावांना बोलावणे येई. कोणाच्या हातून दोष झाला, हे ते त्या माणसालाच बाजूला घेऊन सांगत. मग मला साऱ्यांदेखत का सांगितले, असे मी एकदा विचारले. "तुमी किसनले कसं सांगतलं होतं?" एवढेच म्हणाले. तेव्हापासून मी माणसाला बोलण्याआधी झाकण पाहते.

नामदेवरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचे कान असेच तिखट राहोत.

ग्रंथ समितीच्या चिटणिसांकडे सुपूर्द: लेखाची पाने चार, आमच्याच जिनिंगमधून निवृत्त झालेल्या किसनरावांकडून नामदेवरावांसाठी एक सुती सदरा, खिसे दोन, किसनरावांच्या सुनेने केलेले मुगाचे लाडू, डबा एक. डबा परत हवा आहे.