अण्णानं जास्त आवळलेला बोल्ट

अण्णा गेला तेव्हा माझ्या गाडीचं इंजिन त्याच्या बाकावर उघडं पडलं होतं.

परवा वर्ष झालं. रडायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय. बघू कुठवर जमतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अण्णा माझा थोरला भाऊ. निपाणीत जुन्या रोडला त्याचं बाइकचं गॅरेज.
मी नोकरीला बेळगावात, कॅम्पमध्ये. खोली पिरनवाडीला. शनिवारी हायवेनं निपाणी, सोमवारी सकाळी परत.
गाडी अण्णानंच भंगारातनं जुळवून दिलेली. दिसायला कळकट, पण एका किकला चालू!

गॅरेजात त्याचा एक कायदा होता.
पाना शेपटीला धरायचा नाही, मानेजवळ धरायचा. शेपटीला धरला की बोल्टावर जोर जास्त पडतो, आणि इंजिनची केस अल्युमिनियमची. तिचे आटे मऊ. सोलून निघतात.

कुणी घरीच ऑइल बदलून, बोल्ट पिळून, आटे घालवून आलं की अण्णा त्याला सोडायचा नाही.
"काय रं पावण्या, इंजिन हाय का उसाची मोळी? एवढं आवळून कुठं न्यायची हुती?"

मग एका शनिवारी माझ्याच गाडीखाली तेलाचा डाग दिसला.

अण्णानं तेल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट सोडवला. बोल्टाला गुंडाळून आट्यांची तारच बाहेर आली.

मला तर लॉटरीच लागली. मास्तर तावडीत सापडला होता.
"ह्या गाडीला तुझ्याशिवाय कुणी हात लावत न्हाय अण्णा. मग हे कुणी आवळलं?"

तो बोल्ट पुसत बसला. लई वेळ पुसला.

"मीच."
"तू?"
"तू एकटी जातीस हायवेनं. वाटंत बोल्ट पडला, तेल गेलं, इंजिन जाम झालं तर? म्हणून दर बारीला शेवटाला पाना शेपटीला धरून जरासं... जरासंच गं."

मी पोट धरून हसले. वहिनीला हाक मारली, "या, बघा तुमचा मास्तर!" तोही लाजून हसला.

भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी कॉइल बसवायची, म्हणजे जुनाच बोल्ट परत बसेल, असं ठरलं. कीस आत राहायला नको म्हणून त्यानं इंजिन उतरवून पूर्ण खोललं. मी बसनं बेळगावला गेले.

त्या आठवड्यात अण्णानं भोक तेवढं मोठं करून ठेवलं.
आणि गुरुवारी सकाळी शटर अर्धं वर केलं आणि तिथंच खाली बसला.
हार्ट. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बारावं झालं आणि जागेचा मालक आला. माणूस चांगला, पण त्यालाही जागा हवी होती. सामान भंगारात द्यायचं ठरलं. माझी केसही त्याच ढिगात.

आमचे काका म्हणाले, "दे सोडून. भोक मोठं झालंय. आता आटे वाकडे पडले तर केस गेलीच म्हण. नवी गाडी घे की."
"न्हाय काका. अण्णाचं काम अर्धं ऱ्हायलंय. मी पुरं करणार."

बोलले खरी. पण आटे पाडायचा टॅप एकदा तिरका गेला असता तर अण्णाचं शेवटचं काम माझ्याच हातनं वाया.

दुपारी वहिनीनं आणि मी शटर वर केलं. तिथं अजून त्याचाच वास होता, ग्रीस आणि तंबाखूचा.

मी शाळेत असताना भंगारातल्या केसवर अण्णानं मला आटे पाडायला शिकवलं होतं. तसंच केलं. टॅपला ग्रीस. अर्धा फेरा पुढं, जरा मागं, कीस काढायचा, परत पुढं. वहिनी बाजूला गुण्या लावून बघत होती.

"वहिनी, सरळ हाय?"
"हाय."
"नीट बघा."
"अवो वन्सं, सरळ हाय म्हणते न्हवं!"

आटे पडले. कॉइल चढली. दोघी वाकून नुसत्या बघत राहिलो.

इंजिन जोडायला अण्णाचा दोस्त आला. ड्रेन बोल्टाला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही.

बोल्ट बोटांनीच फिरत फिरत आत गेला. मग पाना घेतला, मानेजवळ धरला. एक हिसका. बसला.

आणि माझा हात आपोआप पान्याच्या शेपटीकडं सरकला.
जरासं. जरासंच.

वहिनीनं माझं मनगट धरलं. तिचं माहेर चिकोडीकडचं. मनातलं बोलताना तिच्या तोंडात कन्नडच येतं.
"साकु," म्हणाली. म्हणजे पुरे.

मग आम्ही दोघी त्या तेलकट फरशीवर बसून रडलो. अण्णाचा दोस्त उगाच बाहेर जाऊन चहा सांगून आला.

आज रविवार. सकाळी वहिनीच्या अंगणात ऑइल बदललं. आटे आहेत तसे आहेत.
पाना मानेजवळच धरला, अण्णा. वहिनीला विचार.

उद्या निघते हायवेनं. एकटीच.
बोल्ट पडणार न्हाय रं. आता तू काळजी सोड.

निवांत ऱ्हा, अण्णा. तुझ्या बहिणीचा नमस्कार.