नाकाची चिमटी

मलकापुरातल्या आमच्या गल्लीत एके काळी माझा काय दरारा होता म्हणून सांगू! एरंडेल पाजण्यात माझा हात धरणारी बाई आजूबाजूला नव्हती. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, पोर पायांवर आडवं घ्यायचं. डाव्या चिमटीत नाक, उजव्या हातात चमचा. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. एक थेंब सांडायचा नाही. "आवं काकी, ह्येला जरा पाजा की, माझ्या हातनं समदं थुकतंय," म्हणत बायका लेकरं घेऊन दारात उभ्या राहायच्या. मीही पदर खोचून असा तोरा मिरवायची, जणू सरकारनं मला लेकरांची तोंडं उघडायलाच नेमलंय. पोरं रडायची. मला ते रडणं ऐकू यायचं नाही, रिकामा चमचा तेवढा दिसायचा.

त्या तोऱ्यासकट मी सांगलीला आले, हीच चूक झाली.

मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. सून विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात. त्यांची एकुलती एक मुलगी स्वमग्न आहे. तेव्हा सात वर्षांची होती. बोलते थोडं, तेही तिच्या मनात असेल तेव्हा. फ्रॉकच्या मागचं लेबल तिला टोचतं, मिक्सरचा आवाज सोसत नाही, टूथपेस्ट जिभेला लागली की अंगाचा थरकाप होतो. तिला सांभाळायला म्हणून मी आले. सून मला आत्या म्हणते. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आत्या, तिला गोड देऊ नका. दात घासू देत नाही ती." मी "बरं" म्हटलं आणि सुनेची स्कूटर वळणापलीकडे गेली की गुळाचा खडा काढला. खडा दिसला की नात माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. एरवी ती कुणाजवळ बसत नाही. मला तेवढाच लोभ.

"दुखतंय" हे तिला सांगता येत नाही. एका सकाळी ती स्वतःच्याच गालावर चापट्या मारायला लागली. आम्हाला वाटलं, हट्ट. दुसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटलं, जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, तेव्हा आम्हा शहाण्यांना कळलं.

दवाखान्यातला दिवा, मशीनची घरघर, हातमोज्यांचा वास, एवढं पुरलं. पोरगी खुर्चीखाली जाऊन बसली. दातांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज नुसतं बसू दे हिला. सुजेवर औषध देते, पुढचं पुढं बघू."

मला हसू आलं. एवढं शिकून फरशीवर बसायचं? सून पाण्याची बाटली आणायला बाहेर गेली, तेवढ्यात मी नातीला ओढून मांडीत घेतलं, तिच्या पायांवर पाय टाकला आणि नाक दाबलं. "हं, आता बघून घ्या पटकन!"

तोंड उघडलं. उघडणारच, माझी चिमटी होती ती. पण आतून जो आवाज आला, तो गल्लीतल्या पोरांच्या रडण्यासारखा नव्हता. पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखा होता. "आजी, सोडा! आधी सोडा तिला!" डॉक्टरबाई ओरडल्या. मी सोडलं नाही. मला वाटलं, आणखी थोडंच. सोडलं तेव्हा तिच्याच दातांनी तिचा ओठ फाटला होता आणि फ्रॉक ओला झाला होता.

त्या दिवसापासून ते तोंड मिटलं. ब्रश नाही, चमचा नाही. मी खोलीत आले की दोन्ही हातांनी नाक झाकायची. बाटलीतलं दूध घ्यायची, तेही माझी पाठ असेल तर. ताप चढला. शेवटी मिरजेच्या एका इस्पितळात भूल देऊन दात काढला. भूल उतरत असताना, डोळेही न उघडता, तिचा हात सगळ्यांत आधी नाकावर गेला. सुनेनं ते पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही आता दवाखान्यात येऊ नका."

नव्या, पक्क्या दाढेवरही काळा डाग दिसला होता. दर वेळी भूल देणं बरं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं. तिनं आपणहून तोंड उघडलं, तर औषध लावून कीड तिथंच थांबवता येईल, मशीनही लागणार नाही. नाही उघडलं, तर ही दाढ जाईल, आणि ती परत येत नाही.

मग दर सोमवारी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, सून अर्धी रजा काढून तिला न्यायची. हातात ओळीनं चित्रं: जिना, खुर्ची, दिवा, आरसा, घर. आरशाच्या चित्राखाली एक ते दहा आकडे, दहा म्हटलं की आरसा बाहेर. कितीतरी सोमवार जिन्यावरच संपले. मी खिडकीत बसून फाटकाकडे बघायची. एकदा विचारलं, "आज?"

"आज तीन पायऱ्या," सून म्हणाली, आणि चप्पलसुद्धा न काढता दारातच बसून रडली. मी पाणी दिलं. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं?

एका सोमवारी कॉलेजात तपासणी आली, रजा मिळेना. सोमवार चुकवला तर सगळी घडी मोडणार. "आत्या, हात लावायचा नाही तिला."

"न्हाई लावत गं बाई."

रिक्षात एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. तिचा हात नाकावर. जिना चढली, पण खुर्ची बघून भिंतीला चिकटली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हीच बसा. तिला बघू दे."

मी बसले. दिवा डोळ्यांवर आला आणि खरं सांगते, मीच खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. नात भिंतीपासून सुटली, हळूहळू जवळ आली, आणि दोन बोटांत तिनं माझं नाक धरलं. घट्ट. डॉक्टरबाई पुढं आल्या. मी हातानंच थांबवलं. श्वास कोंडला, छाती धडधडली, शेवटी तोंड उघडलं. आत दात किती, तर अकरा! डॉक्टरबाईंनी आरसा घालून मोजायला सुरुवात केली, "एक, दोन..." दहाला नातीनं नाक सोडलं. अकरावा दात तसाच राहिला.

मग तिनं मला दंडाला ओढून उठवलं, स्वतः खुर्चीवर चढली, आपलं नाक आपल्याच चिमटीत धरलं, दुसऱ्या कुणाला धरता येऊ नये असं, आणि तोंड उघडलं. दहा आकडे. दहाला मिटलं. औषध लावायला वेळ पुरला नाही.

आता दर सोमवारी आधी मी, मग ती. चौथ्या खेपेला औषधाचं एक बोट लागलं. अजून बरंच लागेल, आणि दाढ वाचेलच असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत. घरी माझ्या हातचा घास ती अजून घेत नाही. मी ताट ओट्यावर ठेवते आणि बाजूला होते. गूळ बंद झाला, मांडीला मांडी लावून बसणंही गेलं. माझं नाक मात्र ती लाल होईस्तोवर दाबते.

पण दहा म्हटलं की सोडते. एक आकडा जास्त नाही. मी तिचं धरलं तेव्हा मोजलंच नव्हतं.