लोणीचे पाव्हणे सोडून

शिनोलीचे दगडूआण्णा कुणालाही सोड्याची बाटली दिली की त्याच्या गळ्याकडे टक लावून बसायचे. पहिल्यांदा त्यांच्या सोड्याच्या शेडवर गेले तेव्हा मला वाटलं, माझ्या मंगळसूत्रावरच डोळा आहे. ते माझ्या ढेकराची वाट बघत होते.

मुलांनो, आपल्या रस्त्यावर मिळणारा ‘हुश्श सोडा’ आण्णांचा. आधी नावाचं सांगते, मग भिंतीचं. पहिली बाटली त्यांनी बायकोला पाजली. सोनाकाकू शेतात भात लावून आल्या होत्या; एका घोटात संपवली, ‘हुश्श’ म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. नाव ठरलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून बाटलीवर एखादा इंग्रजी शब्द घाला असं सुचवलं. आण्णा म्हणाले, “बाई, पोटाला इंग्रजी कळत न्हाई.”

पुढे मोठ्या कंपनीवाले दुकानांना फुकट पाट्या रंगवून देऊ लागले. आण्णांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. तेव्हा त्यांनी शेडच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘ढेकर येणारच. आला तरच पैसे.’ लोकांनी ते मनावर घेतलं. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून प्रामाणिकपणे ढेकर द्यायच्या.

आणि मग त्यांच्या कमलचं लग्न झालं. तिचे सासरे, लोणीचे बाजीराव, मांडवात बाटली संपवून मिशीवर हात फिरवत बसले. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मुलाकडचा माणूस मुलीकडच्यांच्या सोड्याला इतक्या सहज दाद कशी देणार? “मला तर काय आला न्हाई, राव,” ते म्हणाले. आण्णांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर खाली नवी ओळ होती: ‘लोणीचे पाव्हणे सोडून.’

मी म्हटलं, अशाने जाहिरातच बिघडते. “जाहिरात म्हंजे दिलेला शबुद, बाई. खोटा कसा ठिवायचा?”

बाजीराव फटफटीवरून तणतणत आले, ओळ पुसा म्हणाले. आण्णांनी बाटली फोडली. “एक ढेकर द्या, आत्ता पुसतो,” म्हणाले. बाजीराव सोडा प्यायले आणि ओठ घट्ट मिटून गेले. हे दर यात्रेला व्हायचं. भीमाशंकरला जाणारे लोक मात्र गाडी थांबवून हे पाव्हणे कोण म्हणून विचारायचे, आणि विचारता विचारता सोडा घ्यायचे. हुश्श त्या ओळीवरच तगला.

गेल्या वर्षी आण्णा गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर कमलने सगळ्यांना सोडा दिला. दुःखाच्या घरी ढेकर कसा द्यायचा, म्हणून सगळी पंगत, मीसुद्धा, गाल फुगवून बसलेली. एवढ्यात टोकाकडून असा दणदणीत आवाज आला की अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

बाजीराव डोळे पुसत होते.

कमल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. “मामंजी, पैसं.”

त्यांनी खिशातून काढून दिले. मग चुन्याची बादली मागितली.